बॉयलरकाकांचं उबेचं माप

बॉयलरकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला हात लावत. तळहात नव्हे, पंजाची मागची बाजू. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. मग मान थोडी तिरकी करून क्षणभर थांबत आणि आकडा सांगत. "तेहतीस." किंवा "एकोनतीस, पन संध्याकाळी उतरंल." त्यानंतर चपला काढून बसत आणि मग घरच्यांची विचारपूस. बारसं असो की साखरपुडा, हा क्रम सहसा मोडत नसे. नवख्या माणसाला वाटे की हे भिंतीची ओल बघतायत, आणि तो उगाच ओशाळून रंगकामाचा विषय काढे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आणि माझी बायको त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. मी साताऱ्याकडचा. कामणच्या रस्त्याला एका शेडमध्ये लोखंडी कामाचा कारखाना होता, तिथे मी ड्रॉइंगवाला म्हणून लागलो होतो. काकांचं घर वसईच्या पश्चिमेला, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर. कॅथलिक वस्ती, बैठी कौलारू घरं, प्रत्येक घरापुढे क्रूस. जागा दाखवताना काकांनी भाड्याआधी तापमान सांगितलं. "ही खोली मे महिन्यात पस्तीसला जाते. ती आतली बत्तीसच्या वर जात नाय. पोर झालं की आतल्या खोलीत ठेवा." आमच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. बायको जमिनीकडे बघत राहिली आणि मी पंख्याच्या बटणाची चौकशी केली.

त्यांचं खरं नाव पास्कल. पण ते नाव फक्त चर्चच्या दप्तरात आणि रेशनकार्डावर होतं. ठाण्याच्या बाजूला एका लोकरी कापडाच्या गिरणीत त्यांनी अख्खं आयुष्य बॉयलरवर काढलं. वाफ तयार करायची, ती नळांतून रंगखात्यात, सुकवणीखात्यात पाठवायची, आणि कुठे किती पोचली यावर लक्ष ठेवायचं. गिरणी बंद पडली त्याविषयी ते बोलत नसत. एकदाच, अंगणात बसलेले असताना, मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "शेवटचा जाळ मीच काढला. बॉयलर एकदम थंड होत नाय, दिवस लागतात. मी रोज जाऊन हात लावून बघायचो. एक दिवस भिंतीसारखा लागला, मग घरी आलो." एवढं बोलून ते शेवग्याच्या शेंगा सोलायला लागले.

घरी बसल्यावर हाताखाली बॉयलर नव्हता, म्हणून सगळ्या गावाकडे त्यांनी त्या नजरेने बघायला सुरुवात केली असावी. सकाळी सायकलवर येणारा पाववाला त्यांना टाळायला बघे, कारण काका पाव दाबून सांगत, "आज भट्टी उतरलेली होती." तो म्हणे, "काका, खायचा तर खा." चर्चला ते जुन्या लोकांसारखं देऊळच म्हणत. एका रविवारी देवळाच्या दारात त्यांनी फादरना थांबवून आदराने सांगितलं, "फादर, तुमचा सरमन लांबला की आत दोन डिग्री चढतात." फादर हसले, आणि पुढच्या रविवारी प्रवचन खरोखर आटोपशीर झालं. गावाने त्याचं श्रेय काकांना दिलं.

या सगळ्याला पुरून उरणारी बाई म्हणजे रेजिनाकाकी. अंगाने बारीक आणि बोलायला फटकळ. "यांच्याशी लगीन करून मी गिरनीतच नांदले," हे तिचं नेहमीचं वाक्य. तिला संधिवात होता. थंडीच्या दिवसांत तिची बोटं सकाळी आखडलेली असत. मागच्या पडवीत पाण्याचा बंब पेटला की त्याच्या तांब्याच्या पोटाजवळ हात धरून बसे आणि एकेक बोट दुसऱ्या हाताने वळवून बघे. आमची मुलगी झाल्यावर तिला न्हाऊ घालायची हौस काकीला होती, पण बोटं धड नसतील त्या दिवशी ती स्वतःच म्हणे, "आज नको. आज हात माझे नाय." त्या दिवशी काका बंबात एक लाकूड जास्त सारत. दोघांत याविषयी कधी बोलणं होत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा विल्सन. आधी आखातात होता, तिथून कॅनडात गेला, आणि नवं शतक लागलं तेव्हा तिथल्या एका लहान शहरात त्याने जुनं घर घेतलं. त्याला एक मुलगी होती, तिला आजी-आजोबांनी फक्त फोटोत पाहिलेलं. दर रविवारी देवळातली प्रार्थना, मिस्सा, आटोपून आल्यावर त्याचा फोन येई. मधली भिंत पातळ, त्यात लांबचा फोन म्हणून काका ओरडून बोलत, त्यामुळे त्या घरातलं मला न कळलेलं असं काही राहत नसे. एका रविवारी विल्सन म्हणाला की घराला लागून गाडीचं गॅरेज आहे, ते मोकळं करून त्याची खोली करतो, तुम्ही दोघं कायमचे या.

काकीने गॅरेज म्हणजे नाक्यावरचं पाहिलेलं, जिथे स्कूटरी उलट्या करून ठेवतात आणि जमीन ऑइलने काळी झालेली असते. "मला तिथं झोपवनार?" ती म्हणाली. काकांनी समजावलं की तिथली गॅरेजं निराळी असतात. संध्याकाळी ती माझ्या बायकोजवळ खरं बोलली. "पोर बघायचीय गं. तिचे केस बघितलेस फोटोत? एवढे केस आन वेनी घालायला कोन नाय. पन त्या बर्फात माझी बोटं वळनार नाय. वेनी तर सोड, चमचा धरता येनार नाय. मंग मी तिथं बसून काय करू? सुनेनं मला भरवायचं?" ज्या खोलीत बोटं वळतील त्या खोलीत मी राहीन, असं तिने सांगून टाकलं. काकांनी ते पडवीतून ऐकलं होतं. "ते माझ्यावर सोड," ते म्हणाले. एवढ्या ठामपणे बोलताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या फोनमध्ये विल्सनने सगळी रचना सांगितली. घराच्या तळघरात एक बॉयलर, तो पाणी तापवतो, ते पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरतं, आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी पन्हाळ्यांचा एक संच असतो, भिंतीला टेकवून ठेवलेल्या बाजाच्या पेटीसारखा. त्याला रेडिएटर म्हणतात. गॅरेजमध्ये तो नाही. नळ वाढवून बसवायचा, फक्त केवढा बसवायचा ते ठरवायचं. बॉयलर हा शब्द ऐकल्यावर काकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "थांब. तू काय घेऊ नको. माप मी काढतो." विल्सन म्हणाला, "पप्पा, इथे दुकानात तक्ता असतो. खोलीची लांबी-रुंदी सांगितली की ते रेडिएटरचं माप सांगतात." "दुकानवाला तुझ्या मम्मीला वळखतो काय?" काकांनी विचारलं.

अशा रीतीने वसईत बसून कॅनडातलं गॅरेज तापवायचं काम सुरू झालं आणि त्यात मी आपोआप ओढला गेलो. मी कारखान्यातून मोठा कागद आणला आणि फोनवरून आलेल्या मापांनी नकाशा काढला. काका शेजारी बसून विचारत आणि मी लिहून ठेवी: भिंत कशाची, आत काय भरलंय, छपरावर काय, खाली काय. भिंत लाकडाची आहे हे कळलं तेव्हा ते हबकलेच. "एवढी थंडी, आन घर लाकडाचं?" गाडी आत घ्यायचा मोठा दरवाजा भिंत घालून बंद करणार का, वीट की पुन्हा लाकूडच, खालच्या सिमेंटवर काय अंथरणार, हे प्रश्न दर रविवारी जात आणि उत्तरं पुढच्या रविवारी येत. विल्सनच्या नाकी नऊ आले होते. काका मात्र खुशीत होते. "ऊब पान्यासारखी बघ जाधव," ते मला सांगत. "किती भरायची ते मागनं. आधी गळते कुठून ते शोध." बॉयलर विझवून घरी आल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यावर काम सोपवलं होतं, आणि मला त्यांचा तो उत्साह बघायला फार आवडायचं.

पण बाहेर उणे वीस म्हणजे किती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पुस्तकातला आकडा त्यांना पुरेना. कोळीवाड्यात बर्फाचा कारखाना होता, बोटींना मासळीसाठी लाद्या पुरवणारा. तिथला मॅनेजर ओळखीचा. काकांनी लग्नातला कोट काढला, वर माकडटोपी आणि हातमोजे चढवले आणि मला घेऊन निघाले. काकीलाही चल म्हणाले. "मी काय पापलेट हाय?" ती म्हणाली आणि आत निघून गेली. लाद्या रचलेल्या त्या कोठीत आम्ही पाट ठेवून बसलो. बाहेर कोळणी दारातून डोकावून हसत होत्या. माझे दात वाजायला लागले तसं मी म्हटलं, कळली की थंडी, आता चला. काका हलले नाहीत. त्यांनी उजवा हातमोजा काढून टाकला होता आणि बोटं एकेक करून वळवून बघत होते. थंडी किती हे त्यांना बघायचंच नव्हतं. बोटं कधी वळायची थांबतात ते बघायचं होतं. मॅनेजरने शेवटी दम भरला तेव्हा ते उठले. बाहेर उन्हात आल्यावर म्हणाले, "हे शून्याखाली पन नाय अजून. तिथं लयच हाय."

शेवटी हिशोब पुरा झाला. काकांच्या मते त्या खोलीला तीन मोठे रेडिएटर लागत होते. विल्सन दुकानात विचारून आला होता. दुकानवाल्याच्या तक्त्याप्रमाणे एक पुरेसा होता. त्या रविवारी बापलेकांत चांगलीच जुंपली. "पप्पा, तीन लावले तर भाजून निघाल तुम्ही." "तू एकात गारठवून मारशील." शेवटी विल्सनने मला फोनवर बोलावलं. "जाधवभाऊ, तुम्ही जरा बघा ना, पप्पांचं कुठेतरी चुकतंय." मला काही बॉयलरमधलं कळत नव्हतं, पण बेरीज-वजाबाकी कळत होती. मी कागद घेऊन बसलो. भिंती ठीक होत्या, छप्पर ठीक होतं. गळतीचा सगळ्यात मोठा आकडा खिडकीपुढे होता, सगळ्या भिंतींच्या बेरजेहून मोठा. काकांनी तो स्वतः घातला होता. त्यांनी खिडकी उघडी धरली होती.

मी त्यांना विचारलं. मला वाटलं ते जीभ चावतील. "चूक नाय ती," ते म्हणाले. "ती खिडकी लावून झोपत नाय."

हे मला माहीत असायला हवं होतं. काकीच्या पलंगाजवळची, वाडीकडे उघडणारी खिडकी मी कधी बंद पाहिली नव्हती. नुसते गज होते. पावसाळ्यात ती वर गोणपाट सोडी, पण झडपा ओढत नसे. आमच्या गावाकडे रात्री दारं-खिडक्या घट्ट लावून झोपायची पद्धत; मी एकदा तिला चोरांचं भय घातलं तर म्हणाली, "लावली की पेटीत घातल्यावानी होतं." त्या गावातल्या म्हाताऱ्या बायका सगळ्या तशाच झोपत. त्यामुळे खोली म्हणजे उघड्या खिडकीची खोली, याशिवाय दुसरं काही काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅनडातला कुठलाही तक्ता हे धरून चालणार नव्हता आणि वसईतला कुठलाही म्हातारा हे सोडणार नव्हता.

मी फोन माझ्या आणि काकांच्या कानांमध्ये धरून विल्सनला सांगितलं. पलीकडे तो जोराने हसला. "पप्पा, अहो इथे हिवाळ्यात कुणी खिडकी उघडत नाही. पाण्याचे नळ फुटतील."

"तुझी मम्मी उघडंल," काका म्हणाले.

फोनवर काही ऐकू येईना. काकांना वाटलं लाइन कट झाली, ते हॅलो हॅलो करायला लागले. मग विल्सन म्हणाला, "हो. उघडेल ती." आणि तीन रेडिएटर घेतो असं सांगून त्याने फोन ठेवला.

काकी हे सगळं चालू असताना उंबऱ्याजवळ सुकट निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाली टोपली घेऊन आली तर मला खिडकीतून ऐकू आलं, काकी तिला सांगत होती, "आता थोडेच दिवस गं माझं गिऱ्हाईक. आमी चाललो पोराकडं. आमची खोली होतेय तिथं." आमची खोली, असं तिने पहिल्यांदाच म्हटलं होतं.

तिथून पुढे तीच काकांपेक्षा जास्त घाईवर आली. पासपोर्टच्या फोटोसाठी नवी साडी नेसली. पापड, चिंच, मसाल्याच्या बाटल्या यांची जुळवाजुळव सुरू झाली. आमची मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची होती. रोज सकाळी काकी तिला पुढ्यात घेऊन वेणी घाले, सोडी, पुन्हा घाले. "बोटांना सवय पायजे," म्हणे. मुलगी कुरकुर करी, कारण केस ओढले जात. खोली तयार झाल्यावर विल्सनने फोटो पाठवला: फिक्या पिवळ्या भिंती, एक पलंग, एक खिडकी, आणि भिंतीला लागून तीन पांढरे रेडिएटर. काकांनी फोटो उन्हात नेऊन बघितला. काकी म्हणाली, "एवढे कशाला? लग्नातल्या बँडवाल्यांसारखे उभे केलेत." पण फोटो तिनेच येशूच्या तसबिरीखाली टेकवून ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला. बंबाजवळ बसायची गरज पडणार नाही अशी खोली आपल्यासाठी कुणीतरी केली, याचं तिला फार वाटत होतं. ते तिच्या तोंडावर दिसायचं.

पावसाळा संपता संपता तिला ताप आला. साधाच वाटला. अंगावर काढला, मग गावातल्या डॉक्टरचं औषध, मग इस्पितळ. चौथ्या की पाचव्या दिवशी गेली. मी कामणहून येत होतो. बस चिंचोटीच्या फाट्यावर खोळंबली होती, तिथल्या धबधब्यावरून परतणाऱ्या पोरांच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. त्या ओल्या, हसणाऱ्या पोरांकडे मी बघत बसलो होतो. घरी आलो तेव्हा अंगणात बाकडी मांडलेली होती. माझ्या बायकोने मला सांगितलं आणि मी "बरं" म्हणालो. त्यानंतर मी बूट काढून नीट जोडीने ठेवले, एवढं आठवतं. रडू आलं नाही. कित्येक दिवस आलं नाही.

विल्सनला पोचायला वेळ लागणार होता. आईला बघितल्याशिवाय पुरू नका, असं त्याने फोनवर सांगितलं. तेव्हा गावात विजेवर चालणारी शवपेटी मिळत नसे. त्याच कोळीवाड्यातल्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आल्या, लाकडाचा भुसा आला, आणि बैठकीच्या खोलीत एका लाकडी पेटीत बर्फावर काकीला ठेवलं. मॅनेजर स्वतः टेम्पोबरोबर आला होता. बायका हातात माळ घेऊन रोझरी म्हणत होत्या. काका आतून आले, पेटीशी उभे राहिले आणि पंजाची मागची बाजू पेटीच्या लाकडाला लावली. आम्ही सगळे सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी मान तिरकी केली, थांबले. मग हात काढून काखेत धरला आणि आत गेले.

विल्सन आला, दफन झालं. तो एकटाच आला होता, मुलीला आणलं नव्हतं. महिन्याची मिस्सा होईपर्यंत थांबला आणि मग त्याने वडिलांना बरोबर न्यायचं ठरवलं. कागदपत्रं तर तयारच होती. काका होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. काहीही विचारा, "चालंल" एवढंच उत्तर. जेवता का? चालंल. कोट बरोबर घेऊ? चालंल. खोली तुमचीच आहे पप्पा, बघा तरी, असं विल्सन म्हणाला, त्यावरही चालंल. ते चिडले असते, भांडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. निघायच्या दिवशी त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले, आणि गाडी गेली.

घर आमच्यावर सोडलं होतं. आम्ही झाडलोट करायचो, रविवारी मेणबत्ती लावायचो. काकीची खिडकी काही दिवस तशीच ठेवली. मग पुढच्या पावसात पाणी आत यायला लागलं, तेव्हा मी झडपा ओढल्या. झडपांच्या बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की तेल घालावं लागलं.

काकांचा पहिला फोन त्या पावसाच्या आधीच आला, जानेवारीत, रविवारीच. मी घाईने विचारलं, खोली गरम आहे ना? "गरम हाय," ते म्हणाले. "लय गरम हाय. विल्सन घरात बनियनवर फिरतो. तो म्हनतो दोन बंद करून टाकू." मग म्हणाले, "दुकानवाला बरोबर होता. एक पुरतो." त्यांनी हे अगदी सहज कबूल केलं. मी नातीची चौकशी केली. चांगली आहे म्हणाले, केस आखूड कापून घेतले तिने.

मग त्यांनी विचारलं, "जाधव, तो नकाशाचा कागद हाय काय तुझ्याकडं?"

होता. मी कपाटातून काढून फोनपाशी आणला.

"खाली वजाबाकीत दोन मानसं लिवलीयत बघ."

लिहिली होती, माझ्याच अक्षरात. माणसाचं अंगही खोली तापवतं, एक माणूस म्हणजे शंभराचा एक बल्ब, असं त्यांनी मला लिहिताना सांगितलं होतं. जेवढी माणसं खोलीत राहणार, तेवढी ऊब रेडिएटरच्या मापातून कमी करायची. गिरणीत सुकवणीखात्यात ते हे असंच धरायचे. म्हणून दोन माणसं वजा केली होती.

"त्यातलं एक काढ," काका म्हणाले, "आन बेरीज परत करून सांग. किती जास्त लागतं?"

मी पेन्सिलने एक खोडलं. बेरीज पुन्हा केली. एवढ्या मोठ्या आकड्यात शंभराचा एक बल्ब कुठल्या कुठे जात होता. मी पुन्हा एकदा करून बघितली.

"फरक पडत नाही काका," मी म्हणालो. "तेवढेच लागतात."

"मी पन तेच काढलं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझं चुकत असंल."

मी खोडलेल्या आकड्यावरून पेन्सिल फिरवत राहिलो. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तिन्ही चालू ठेवलेत मी," काका म्हणाले. "तरी गार लागतं रे."